पाण्याच्या पातळीखाली

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले आणि हातातला उरलेला अर्धा पेढा त्यांनी तोंडात टाकला.

प्रश्न उत्कर्षाने विचारला होता, तोही हसत हसत. "काका, तुम्ही मॅडमना का नाही हो जाऊ दिलंत जहाजावर? आज चीफ इंजिनीअर असत्या त्या." शनिवारची दुपार होती. भूगावच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये समोरच्या अर्धवट इमारतीतल्या मिक्सरची घरघर भरून राहिली होती आणि उत्कर्षा पेढे घेऊन आली होती. ती मूळची बार्शीची. टर्बाइनची पाती बनवणाऱ्या उरवड्याच्या कारखान्यात दोन वर्षं जान्हवीच्या हाताखाली होती. मग नोकरी सोडून तिने जहाजावरच्या इंजिनीअरिंगचा वर्षभराचा कोर्स केला, आणि आता तिला पहिलं जहाज मिळालं होतं. द्रवरूप गॅस वाहून नेणारं, वाफेच्या टर्बाइनवर चालणारं. मंगळवारी निघायचं होतं. जान्हवी चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होती. बाबांचं उत्तर तिच्या कानावर पडलं आणि कप धरलेला हात तसाच राहिला. कारण बाबांनी तिला कधीच अडवलं नव्हतं.

"बघा, अकरा वर्षांनी का होईना, कबूल केलं," पियूष म्हणाला. तिच्या नवऱ्याला ही गोष्ट फार आवडायची. हिंजवडीतले त्याचे मित्र घरी आले की हटकून सांगायचा, हिला जहाजावर जायचं होतं, पण आमचे सासरेबुवा आडवे आले. स्वयंपाकघरातून कमळने डोकं बाहेर काढलं. ती मुठ्याकडची. सकाळ-दुपार स्वयंपाकाला यायची आणि घरातल्या कुठल्याही बोलण्यात तिचा वाटा असायचा. "काय चुकलं त्यात? पोरीच्या जातीला पान्यावर कोन धाडतंय? बराबर केलं तुमी, बाबा." सगळे हसले. बाबासुद्धा हसले. जान्हवीने चहा आणून दिला. तिलाही हसता आलं, याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं.

उत्कर्षाला सोडायला ती लिफ्टपर्यंत गेली. बटण दाबून दोघी उभ्या असताना उत्कर्षा एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हाला भीती वाटली होती का हो कधी? म्हणजे तेव्हा, जायचं ठरत होतं तेव्हा?" आणि जान्हवी म्हणाली, "भीती वाटायला आधी जायला तर मिळायला हवं ना. नशीबवान आहेस तू." उत्कर्षाने मान हलवली. "हो, ते आहेच," म्हणाली. लिफ्टचं दार बंद होताना तिचा चेहरा दिसला तो हसरा नव्हता, पण दार बंद झालंच.

बाबांनी अडवलं, हे जान्हवी पहिल्यांदा कधी बोलली, ते तिला नीट आठवत होतं. औरंगाबादला कॉलेजच्या होस्टेलवर, पहिल्याच महिन्यात. खोलीतल्या मुलीने सहज विचारलं, तू ती जहाजाची परीक्षा पास झाली होतीस ना, मग गेली का नाहीस? जान्हवी केस विंचरत होती. आरशात बघत म्हणाली, "घरचे नाही म्हणाले." एवढं सोपं वाक्य. त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मुलगी, परळीची, बाप वीज केंद्रात नोकरीला. पुढचं सगळं ऐकणारा आपल्या मनानेच भरून घेतो. त्या मुलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि जान्हवीला तो हात बरा वाटला होता. मग दर वेळी त्या वाक्याला काहीतरी चिकटत गेलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आत्याने रडारड केली. लग्न ठरण्याआधी पियूषला कर्वे रोडवरच्या हॉटेलात भेटली तेव्हा तर तिने बाबांचा आवाजही काढून दाखवला, आणि पियूष टेबलावरचा चमचा उलटासुलटा करायचं थांबून तिच्याकडे आदराने बघत राहिला. कधी कधी तिला वाटायचं, ह्याने लग्न केलं ते त्या अडवल्या गेलेल्या मुलीशी. आपल्याशी नाही. आणि तीन वर्षांपूर्वी कारखान्यात, तपासणीच्या टेबलाशी, नव्याने लागलेल्या उत्कर्षाला तेच. टेबलावर टर्बाइनची पाती ओळीने ठेवलेली. मधलं एक पातं उचलून जान्हवीने दिव्यासमोर धरलं होतं. बोटाएवढं, पाठीला बाक असलेलं, एका बाजूने निमुळतं होत गेलेलं. ही पाती जहाजांसाठी जायची. कुठल्या जहाजासाठी ते कधी कळायचं नाही. खोक्यावर आकडे असायचे, नाव नसायचं. "आम्हाला नाही जाऊ दिलं गं," ती म्हणाली होती, "तुम्हा मुलींना आता कोण अडवतंय?" त्या पोरीचे डोळे तेव्हा कसे झाले होते ते जान्हवीने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तिला आवडलं होतं.

पण बाबा. बाबांना हे ठाऊक असेल असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं. आई गेल्यावर गेल्या वर्षी ते परळीचं घर बंद करून इकडे आले. पियूष त्यांच्यासमोर ही गोष्ट काढायचा नाही, निदान तिला तसं वाटायचं. आणि आता त्यांनी पेढा खाता खाता, पापणीही न हलवता, ती सगळी गोष्ट आपल्या अंगावर घेतली होती. संध्याकाळभर ती त्यांच्याकडे चोरून बघत राहिली. त्यांनी बातम्या पाहिल्या, गॅलरीत उभं राहून मिक्सरवाल्या मुलांना तो कसा साफ करायचा ते ओरडून सांगितलं, कमळला विचारलं, "उद्या मुळशी धरणाचं पाणी बघायला जावं म्हणतो. दिसेल का रस्त्यावरून?" कमळ म्हणाली, "न दिसायला काय झालं? लई पानी हाय. आमच्या आज्याचं गाव त्याच्याच बुडाशी हाय. तितलं पानी डोंगराच्या पोटातनं खाली कोकनात सोडत्यात अन् त्याच्यावर इज करत्यात." "तेच तर बघायचंय," बाबा म्हणाले. पाणी उंचावरून पडतं आणि खाली चाकं फिरतात, एवढ्यानेच त्यांचा चेहरा उजळला होता. पियूषला रविवारी ऑफिसात जायचं होतं. "मी नेते तुम्हाला," जान्हवी म्हणाली.

सकाळी पिरंगुट मागे पडलं. उरवड्याचा फाटा आला तेव्हा बाबांनी मान वळवून कारखान्याच्या दिशेने पाहिलं, जसं दर वेळी पाहायचे. गाडी चालवता चालवता जान्हवीला परळीचं स्वयंपाकघर आठवत होतं. ती सात-आठ वर्षांची असेल. बाबांनी नळ सोडला होता आणि तिच्या हातात चमचा दिला होता, अगदी सैल धरायला सांगून. धार चमच्याच्या खळग्यात पडली, वळून बाहेर उडाली आणि चमच्याला धक्का बसला. "बघ, धार वळाली की ढकलून जाती," बाबा म्हणाले. "आता असे शेकड्याने चमचे एका चाकाला लाव अन् पाण्याच्या जागी वाफ सोड." मग एका रविवारी ते तिला वीज केंद्रातल्या टर्बाइनच्या हॉलमध्ये घेऊन गेले. वाफ काही ढकलायला आलेली नसते, ते तिच्या कानाशी ओरडून सांगत होते, तिला फक्त निसटून जायचं असतं. आपण तिच्या वाटेत पाती उभी करतो. आधी लहान पाती, कारण वाफ तेव्हा दाबलेली, आखडलेली असते. पुढे ती फुगत जाते, सैल होते, म्हणून पाती मोठी मोठी होत जातात. शेवटची तर तुझ्या हाताएवढी. आणि मग गार होऊन तिचं पुन्हा पाणी. मिनिटाला तीन हजार फेरे, आणि वर ठेवलेलं नाणं पडत नाही. त्यांनी खरंच कव्हरवर नाणं उभं करून दाखवलं होतं. हॉलला उंचावर खिडक्या होत्या, त्यातून उन्हाचे पट्टे यायचे, कबुतरं यायची, आणि तिच्या पायांखालची जमीन बारीक थरथरत असायची. तिला ते सगळं इतकं आवडायचं की घरी परत येताना ती तोंडाने तोच आवाज काढत यायची. जहाजं त्यानंतर आली. समुद्र न पाहिलेला तिचा बाप जेवताना जहाजांबद्दल बोलायचा. जहाजात हेच टर्बाइन असतं बरं का, पण पंख्याला एवढा वेग चालत नाही, नुसता फेस होईल पाण्याचा. म्हणून मधे माणसापेक्षा उंच दातेरी चाकं, हजारो फेरे शंभरावर आणायला. आणि गंमत म्हणजे टर्बाइनला उलटं फिरता येत नाही. मग जहाज मागं कसं घ्यायचं? त्यासाठी वेगळी पाती. एरवी ती नुसतीच फिरत राहतात, रिकामी.

ताम्हिणीच्या रस्त्याला पाण्याच्या कडेने एक मोकळी जागा होती, तिथे तिने गाडी थांबवली. मार्च सुरू होता. पाणी खाली उतरलं होतं आणि काठाशी लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. बाबा सावकाश उतरले, पुढे जाऊन एका दगडावर बसले. बराच वेळ ते त्या शांत पाण्याकडे बघत होते. "वरून काहीच कळत नाही," ते म्हणाले. जान्हवी त्यांच्या बाजूला उभी होती. तिने सांगायचं ठरवून ठेवलं होतं ते वेगळं. त्यात सुरुवात होती, कारण होतं, वय होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "बाबा, काल तुम्ही खोटं का बोललात?"

"काय खोटं?"

"तुम्ही मला अडवलं नव्हतं. मीच नाही म्हणाले होते. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, की तुम्ही..."

"ते मला माहीत हाय की," बाबा म्हणाले. "आधी मीच सांगितलं होतं तसं." तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडेच बघत होते. "कॉलनीत सगळे विचारायले ना, पोरगी जाणार होती, काय झालं? तुझ्या तोंडावर कुणी विचारू नये म्हणून म्हणालो, मलाच पटलं नाही, मीच नको म्हणालो. तू औरंगाबादेतून आलीस अन् तुझ्या आत्याशी तेच बोलायलीस, तवा मला वाटलं, चला, हिनंबी तेच धरलंय. बरं झालं." म्हणजे अकरा वर्षं दोघंही एकच खोटं सांगत होते, एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या गावांत. जान्हवी तिथेच मातीवर बसली. "पण चुकलं म्हणालात त्याचं काय? ते तरी उगाचच ना?"

"ते उगाच नाही. चुकलंच माझं." बाबांनी चप्पल काढून पाय मातीवर टेकवले. "मुंबईहून परत येताना रेल्वेत तू म्हणालीस, बाबा, मला नाही जायचं. मी काय म्हणालो? बरं. बरं म्हणालो अन् चादर ओढून घेतली. का म्हणून विचारलं नाही. रातभर जागा होतो, समोरच्या बाकड्यावर तू जागी, तरी विचारलं नाही. भ्यालो मी."

"तुम्ही कशाला भ्यालात?"

"तू म्हणाली असतीस, की बाबा, ही तुमचीच हौस होती, माझी नव्हती. तर? तेवढं ऐकायची माझी तयारी नव्हती." मग चेहरा तिच्याकडे वळवून म्हणाले, "आज विचारतो. काय झालं होतं गं तुला तिथं?"

तिथं. त्या जागेकडे तिने इतकी वर्षं मनातसुद्धा पाहिलं नव्हतं. आता पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं. बाबांच्या हाताखाली शिकलेले विलासकाका पुढे जहाजावर लागले होते. त्यांचं तेलवाहू जहाज मुंबईला धक्क्याला लागलं होतं, जुनं, वाफेवरचं. त्यांनी परवानगी काढली आणि ती दोघं इंजिनरूममध्ये उतरली. लोखंडी शिडी, मग जाळीचा सज्जा, मग पुन्हा शिडी. खालून ऊब वर येत होती आणि तेलाचा वास, परळीचाच वास, म्हणून पहिल्यांदा तिला आनंदच झाला होता. तिसऱ्या शिडीशी आवाज असा झाला की तो कानांनी ऐकायचा राहिला नाही, अंगातच शिरला. तळाशी टर्बाइन होतं, पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं. जहाज थांबलेलं होतं, तरी आतला रोटर, पात्यांचा तो फिरता दांडा, मोटर लावून अगदी हळू फिरवत ठेवला होता. बाबांनी लगेच ओळखलं. "गरम रोटर थांबवून ठेवला की आपल्याच वजनानं वाकतो," ते तिच्याकडे वळून ओरडले, आनंदाने, जणू ओळखीचं कुणी भेटलं होतं. आणि तेव्हाच विलासकाकांनी बाजूच्या लोखंडी भिंतीवर थाप मारली. म्हणाले, ह्याच्या पलीकडे समुद्र. आपण आत्ता पाण्याच्या पातळीच्या खाली आहोत बरं का, पार खाली. तिने वर पाहिलं. खिडकी नव्हती. एकही नव्हती. ऊन कुठून येत नव्हतं. जिथून उतरलो ती वाट शिड्यांच्या गुंत्यात कुठे गेली ते कळत नव्हतं, आणि तिचा श्वास अर्ध्यावर येऊन अडकला. तिने भिंतीला हात लावून पाहिला होता. भिंत गार होती. त्या एवढ्या उकाड्यात ती एकच गोष्ट गार. बाबा विलासकाकांना काहीतरी विचारत होते, हाताने गोल गोल करून, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते एवढे सुखात तिला पुन्हा कधी दिसले नाहीत. ती एकटीच शिडी चढून वर गेली. डेकवर येऊन कठड्याला धरून उभी राहिली. बाबा खूप वेळाने आले तेव्हा म्हणाली, "खाली उकडत होतं."

हे सगळं तिने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सांगितलं. मागे रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली आणि तिचा आवाज बराच वेळ डोंगराला आपटत राहिला. बाबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

"मला परळीत पहिल्या दिवशी ओकारी झाली होती," ते म्हणाले.

"कुठे?"

"हॉलातच. युनिट चालू केलं, जमीन थरथरली, अन् मला वाटलं आता हे छप्पर येतंय डोक्यावर. बाहेर पळालो. नळाशी बसून ओकलो. गावाकडं पळून जायची पिशवी भरली होती." ते किंचित हसले. "आठ दिवस झालं तसं. मग गेलं. कसं गेलं ते नाही सांगता यायचं. एक दिवस ध्यानात आलं, की आज काही झालंच नाही."

"कधी सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगणार? तुझ्या आईलाबी नाही सांगितलं." मग तिच्याकडे न बघता, "तुला सांगितलं असतं. त्या रातच्याला विचारलं असतं तर सांगितलं असतं बघ."

तिच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. यायला हवं होतं असं तिला वाटलं. आठ दिवस. ते आठ दिवस तिला कुणी दिले नव्हते, आणि तिने मागितलेही नव्हते. तिने तपासलेली हजारो पाती कुठल्या कुठल्या समुद्रांत, कुठल्या कुठल्या गार भिंतींच्या आत फिरत होती. त्यांच्या बाजूला उभं राहणारी माणसं पहिल्या दिवशी घाबरली असतील आणि नवव्या दिवशी विसरली असतील. ती मात्र अजून त्या शिडीच्या वरच्या टोकाशी होती, कठड्याला धरून. आणि मग तिला लिफ्ट आठवली. उत्कर्षाचा खाली गेलेला आवाज. तुम्हाला भीती वाटली होती का हो कधी?

मोबाइलला तिथे रेंज नव्हती. परतताना पौडला एस. टी. स्टँडच्या बाहेर तिने गाडी बाजूला घेतली. "तुम्ही चहा घ्या, आलेच मी," बाबांना म्हणाली आणि टपरीपासून थोडी दूर, एका बंद दुकानाच्या पायरीशी जाऊन तिने फोन लावला. उत्कर्षाने लगेच उचलला. ती रात्रीच गावी पोचली होती; मागे बार्शीच्या घरातला गलका होता, कुणीतरी बॅगेचं वजन करत होतं. "बोला मॅडम." जान्हवीने प्रस्तावना केली नाही. "काल मी तुला खोटं सांगितलं. कालच नाही, पहिल्यापासून. मला कुणी अडवलं नव्हतं. बाबा मला जहाज दाखवायला घेऊन गेले होते. मी खाली उतरले आणि घाबरले, आणि मीच नाही म्हणाले."

पलीकडचा गलका हळूहळू कमी झाला. उत्कर्षा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली असावी, किंवा गच्चीवर. दार लावल्याचा आवाज आला.

"मग ती भीती जाते का, मॅडम?"

"बाबा म्हणतात, जाते. त्यांची आठ दिवसांत गेली. मला माहीत नाही गं. मी परत उतरलेच नाही."

स्टँडवरून एक गाडी बाहेर पडत होती, कंडक्टर मागून पत्रा बडवत होता, आणि जान्हवीने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. उत्कर्षा रागावेल असं तिला वाटत होतं. रागावली असती तर सोपं झालं असतं. "वर्षभर," उत्कर्षा अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, की मी एकटीच अशी आहे. कोर्सला सगळी मुलं. त्यांना कसं सांगणार? आणि तुम्हाला तर अजिबात नाही. तुम्हाला जायला मिळालं नाही आणि मला मिळतंय, तर मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, मॅडम?"

सॉरी म्हणावं असं जान्हवीच्या ओठांवर आलं, पण ते पुन्हा आपल्यासाठीच झालं असतं. जाऊ नकोस म्हणण्याचा हक्क नव्हता, जा म्हणण्याचा तर त्याहून नव्हता. टपरीशी बाबा दोन्ही हातांत दोन ग्लास धरून उभे होते आणि तिच्याकडे बघत होते.

"तुला कशाची भीती वाटते?" तिने विचारलं.

उत्कर्षा म्हणाली, "आवाजाची. तिथे मी ओरडले तर कुणाला ऐकू जाणार नाही, ह्याची." आणि मग ती बोलू लागली, आधी थांबून थांबून, मग भराभर. त्या जहाजावर आपण एकटीच मुलगी असणार, हे आईला अजून सांगितलेलं नाही, हेही तिने सांगितलं. जान्हवी मधे एक शब्दही बोलली नाही. बाबांनी दोनदा ग्लास वर करून खूण केली, मग एक ग्लास टपरीच्या फळीवर ठेवून दिला आणि ते आपला चहा पिऊ लागले. ती पायरीवर बसली आणि ऐकत राहिली.